माडीवरची रेंज

"किती कांड्या?" मामांनी वरून विचारलं.

"दोन."

"आणि आता?"

"आता मी हललेच नाही, मामा."

"मग हल की! पुतळा बसवलाय का जिन्यात?"

मी एक पायरी चढले. मोबाइल दोन्ही हातांनी पुढं धरला होता, आरतीचं ताट धरतात तसा. एक कांडी. आणखी एक पायरी चढले, आणि तीही गेली.

"संपली."

"कितवी पायरी?"

"सहावी."

"म्हणजे निम्म्या जिन्यात मेली," मामा म्हणाले. वर कठड्याला टेकून ते खाली वाकून बघत होते. रविवार होता. सकाळचे दहा वाजले होते आणि पोहे खाऊन झाले होते.

मामा म्हणजे माझे सासरे, रंगराव निकम. सावरघोलच्या धरणावर ते एकतीस वर्षं वायरलेस ऑपरेटर होते. रोज सकाळी आठला, पावसाळ्यात तासातासाला, पाण्याची पातळी आणि पडलेला पाऊस सेटवरून खाली कंट्रोल रूमला कळवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कराडला हे घर बांधलं, आणि धरणावरच्या माणसानं बांधावं तसंच बांधलं. भिंती चौदा इंची. स्लॅब इतका जाड, की गवंडी म्हणाला होता, "निकमसाहेब, वर पाणी अडवायचंय का?" त्या स्लॅबमधून खालचं वायफाय वर जात नसे. मोबाइलचा टॉवरसुद्धा माडीवर खिडकीच्या गजांपाशीच काय तो मिळायचा.

खाली मी राहायचे, वर ते. घरात तिसरं कुणी नव्हतं.

शिरीष

(इथं शिरीषबद्दल लिहायला हवं. तीनदा लिहिलं आणि खोडलं. माझा नवरा, त्यांचा एकुलता मुलगा. त्या रविवारच्या अडीच वर्षं आधी गेला. ताप आला, आणि पाचव्या दिवशी गेला. एवढंच राहू दे.)

मसुदे

मला मामांना एक वाक्य सांगायचं होतं. आठवडाभर मी ते तयार करत होते.

"मामा, कंपनीनं घरून काम करणं बंद केलंय, त्यामुळं मला..." हे नको. ह्यात मी फार बिचारी वाटते.

"मामा, मी असा विचार करतेय की..." हे खोटं. विचार करून झाला होता. शुक्रवारी मी होकारही कळवला होता. कानाच्या मशिनींची कंपनी होती. लोक फोन करायचे, 'मशिन शिट्टी मारतंय', 'बॅटरी उलटी बसली', आणि मी त्यांना मोठ्या आवाजात समजावून सांगायचे. आता ते समजावणं पुण्याच्या ऑफिसात बसून करायचं होतं. एक तारखेपासून. एक तारीख गुरुवारी होती.

"मामा, दिगूदादा बुधवारी गाडी घेऊन येतोय." हे खरं होतं. पण ह्यात जाणारी मी कुठंच नव्हते, नुसती गाडी होती.

"मामा..." इथवर येऊन मी दर वेळी म्हणायचे, "चहा टाकू?"

त्या आठवड्यात मामांचा चहा फार वाढला.

जड जाण्याचं कारण वेगळं होतं. शिरीषच्या तेराव्याला दिगूदादा, माझा भाऊ, सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आम्ही वैजूला घेऊन जातो." सगळ्यांच्या माना मामांकडं वळल्या. मामा म्हणाले, "मला काय विचारता? तिला विचारा." आणि मी म्हटलं होतं, "मी इथंच राहणार." कुणी म्हणवून घेतलं नव्हतं. माझंच तोंड, माझेच शब्द. मामांनी त्यावर हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आपली गादी गुंडाळली आणि वर नेली. "खालचं घर तुझं," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते खाली उतरायचे ते तिसऱ्या पायरीवर खाकरून. मी सावरून बसावं म्हणून. दोन वेळा जेवायला उतरायचे, आणि संध्याकाळी सहाला मोबाइल घेऊन, कारण वर रेंज नव्हती. सोफ्याच्या कडेवर बसून कुस्त्या बघायचे. "अरे, पट काढ, पट! नुसता मिठ्या काय मारतोस?" असं त्या फोनमधल्या पैलवानांना सांगायचे. मी समोर भाजी निवडत बसायचे. तास-दीड तास. एकमेकांशी बोलणं असं काही व्हायचं नाही.

स्वयंपाकघर

"सांगितलंस का?" फोनवर दिगूदादा.

"आज सांगते."

"हे तू सोमवारपासून सांगतेस. बुधवारी मी टेम्पो घेऊन दारात उभा राहिलो की काय सांगू त्यांना? रस्ता चुकलो म्हणून?"

"हळू बोल. सांगते म्हटलं ना. आधी वरचं वायफायचं काम उरकते."

"कसलं काम?"

"वर रेंज आणतेय. म्हणजे तिकडून रोज व्हिडिओ कॉल करता येईल त्यांना. ते झालं की सांगायला सोपं जाईल."



"कुणाला सोपं जाईल?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, दूध उतू जातंय. गॅसवर दूध नव्हतं.

माळा

मामांना मी वेगळंच सांगितलं होतं. "तुम्हाला कुस्त्यांसाठी खाली यावं लागतं, गुडघे दुखतात. जुना राउटर पडून आहे, तो वर लावू. मी व्हिडिओ बघितलाय, अर्ध्या तासाचं काम."

"बघ बाई," मामा म्हणाले. "माझे गुडघे काय तक्रार घेऊन आले नव्हते."

राउटर माळ्यावर मिक्सरच्या खोक्यात सापडला. खोक्यावर चिकटपट्टी, आणि तिच्यावर शिरीषच्या अक्षरात 'चालू आहे. टाकू नये.' आधीच्या कनेक्शनचा होता. नवीन नेटवाल्यांनी त्यांचा डबा दिला, तेव्हा हा निवृत्त झाला.

मी तो खाली टेबलावर ठेवला, पुसला, बटण दाबलं. हिरवे दिवे एकेक करून लागले. मोबाइलवर वायफायची यादी उघडली. आमचं नाव, शेजारच्या देसायांचं नाव, आणि त्याखाली तिसरं. 'निकम डॅम'.

मी फोन मामांकडं वळवला. त्यांनी चष्मा नाकावर खाली ओढला.

"हे कुणाचं?"

"आपलंच. शिरीषनं ठेवलेलं नाव."

"मला कधी बोलला नाही."

"तुम्ही रागवाल म्हणून."

"रागावलो असतो," मामा म्हणाले आणि हसले. "डॅम म्हणे! अवलाद." मग हसू थांबलं तरी ते त्या नावाकडं बघत राहिले. "आत शिरता येतं का ह्याच्यात?"

"पासवर्ड माहीत नाही मला. म्हणून तर ही सेफ्टी पिन घेतलीय. मागं एक बारीक भोक आहे, त्यात पिन घालून दहा सेकंद दाबायचं. सगळं पुसलं जातं, नव्यासारखा होतो."

"सगळं?"

"सगळं."

पिन माझ्या हातात होती. मी राउटर उलटा केला, भोक शोधलं, आणि तशीच थांबले.

"दे इकडं," मामा म्हणाले.

त्यांनी पिन घातली आणि मोठ्यानं आकडे म्हणायला लागले. एक. दोन. तीन. दहा झाले तरी सोडेनात. पंधरापर्यंत गेले.

"दहाच म्हटलं होतं, मामा."

"असू दे. अर्धवट काही राहायला नको."

दिवे विझले, पुन्हा लागले. यादीतून ते नाव गेलं होतं. त्या जागी राउटर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आणि सहा आकडे.

एका नावाची दोन स्टेशनं

"आता?"

"आता ह्याचा पत्ता बदलायचा. दोन्ही राउटर कारखान्यातून एकच पत्ता घेऊन येतात. दोघांनाही वाटतं आपणच पहिले."

"मग बदलच," मामा म्हणाले. हे त्यांना एकदम पटलं. "आमच्याकडं एकदा झालं होतं. नवीन पोरगं आलं वरच्या बंधाऱ्यावर, त्यानं चुकून आमचं नाव घेतलं सेटवर. कंट्रोलनं हाक मारली की दोघं एकदम बोलायचो आणि दोघांचंही ऐकू जायचं नाही. पाऊण दिवस असा गेला. खाली त्यांना वाटलं, धरण फुटलं."

मी पत्त्यातल्या शेवटच्या एकच्या जागी दोन केला. मग जुन्या राउटरचं पत्ते वाटण्याचं काम बंद केलं. घरात जो फोन येईल त्याला नंबर देणारा एकच हवा, तो खालचा. मग नाव आणि पासवर्ड खालच्यासारखाच हुबेहूब टाकला.

"हे बघ, आता परत एकच नाव दिलंस," मामांनी बरोबर पकडलं.

"हे नाव फोनसाठी असतं, मामा. दोन्हीकडं एकच ठेवलं की फोन खालून वर गेला तरी त्याला कळत नाही. खालचं सुटतं, वरचं लागतं, मधे काही तुटत नाही."

"गेल्याचं कळतच नाही?"

"नाही."

"चांगली सोय आहे," मामा म्हणाले आणि हत्यारांची पिशवी आणायला उठले.

वायर

वीस मीटर वायर होती. खालच्या टेबलापासून जिन्याच्या कडेनं वर. मी म्हटलं, पायरीवरून तशीच सोडू, काय होतंय. मामांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी देवघरात चप्पल घालून शिरले होते.

"लोंबती वायर? ह्या घरात?"

त्यांनी जिन्याच्या कोपऱ्यात ड्रिल मारलं. भिंत चौदा इंची, दोनदा बिट गरम होऊन थांबावं लागलं. मग वीत-वीत अंतरावर क्लिपा. मी खालच्या पायरीवर बसून एकेक क्लिप हातात द्यायचे. ते वरच्या पायरीवर बसून हातोडीनं ठोकायचे. अडीच वर्षांत आम्ही इतक्या जवळ इतका वेळ बसलो नव्हतो.

"मामा," मी म्हटलं.

"चहा नको," मामा म्हणाले.

टक्. टक्.

"सावरघोलला ते यंत्र आलं ना," ते भिंतीकडं तोंड करूनच बोलायला लागले, "माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. खांबावर बसवायचं. आपोआप पातळी मोजणार, आपोआप खाली कळवणार. इंजिनिअर माणूस चांगला होता. मला म्हणाला, निकम, तुमच्याच सोयीसाठी हो. पावसात त्या निसरड्या पायऱ्या उतरून पट्टी वाचावी लागते तुम्हाला. क्लिप दे."

मी दिली.

"मग?"

"मग काय? खांबाला खड्डा पाहिजे. मजूर आणले होते त्यांनी, पण त्यांना तिथला कातळ काय माहीत. मीच खणला. चार फूट. सरळ, ओळंब्यात." टक्. "यंत्र उत्तम होतं. एकदाही चुकलं नाही. खोटं कशाला बोलू?"

"आणि तुम्ही?"

"मी? मला पुढच्या महिन्यात स्टोअरला बसवलं. पंख्याखाली. सोयच झाली." त्यांनी वायर अंगठ्यानं दाबून सरळ केली. "क्लिप दे."

मी क्लिप दिली. मग आणखी एक दिली. दुसरी त्यांनी मागितली नव्हती.

निळं भोक

वर सगळं जोडलं आणि चाललं नाही.

मामांच्या फोनवर नाव दिसायचं, चार कांड्या दिसायच्या, आणि खाली अक्षरं, 'पत्ता मिळवत आहे...' ती टिंबं चालत राहायची आणि पत्ता काही मिळायचा नाही. मी फोन बंद करून चालू केला. राउटर बंद करून चालू केला. वायर उपटून फुंकर मारली. मामा पलंगावर बसून शांतपणे बघत होते. त्यांची खोली मी झाडायला म्हणून रोज बघायचे, पण बसले कधी नव्हते. पलंग, पाण्याचा तांब्या, औषधांच्या पिशव्या, भिंतीवर बँकेचं कॅलेंडर. टीव्ही नाही, रेडिओ नाही. दोन वेळचं जेवण आणि संध्याकाळचा तास सोडला तर उरलेले वीसेक तास हा माणूस इथं काय करतो, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्यांना विचारायचं ठरवलं होतं ते पुण्याला गेल्यावर, व्हिडिओ कॉलवर.

वीस मिनिटं गेली. मी खाली जाऊन व्हिडिओ पुन्हा लावला. त्यातला माणूस हिंदीत सांगत होता, आणि ती जागा मी सकाळी पुढं ढकलली होती. वर पळत गेले.

"वायर निळ्या भोकात घातलीय! पिवळ्यात हवी."

"का? भोकं सारखीच तर आहेत."

"निळं बाहेरून येणाऱ्या नेटसाठी. घरातल्या घरात जोडायचं तर पिवळं."

"मग इतका वेळ त्याला काय वाटत होतं?"

"त्याला वाटत होतं, खालचं घर परकं आहे."

मामांनी मान हलवली. मी वायर काढून पिवळ्यात खोचली. टिंबं थांबली. फोनमध्ये एकाच वेळी सतरा निरोप आले. पुतण्यांचे सुप्रभात, फुलं, समया, कुणाचा तरी वाढदिवस. फोन पलंगावर थरथरत राहिला.

"झालं," मी म्हटलं.

"नाही झालं," मामा म्हणाले. "चाचणी घेतल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही. तू खाली जा. मी इथून लावतो."

चाचणी

मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. फोन वाजला. आधी छत दिसलं, मग एक कान, मग नुसतं कपाळ.

"मामा, फोन जरा खाली घ्या. कपाळच दिसतंय."

"म्हाताऱ्याचं अजून काय बघायचंय?" पण फोन खाली आला. चेहरा आला. त्यांचा आवाज दोनदा यायचा. एकदा जिन्यावरून खरा, आणि लगेच मागून फोनमधला.

"ऐकू येतंय?"

"येतंय."

"मग बोल काहीतरी. मीच किती बोलू?"

"काय बोलू?"

"काही पण. आम्ही आकडे म्हणायचो. तुला काय म्हणायचं ते म्हण."

त्यांचा चेहरा माझ्या तळहाताएवढा होता. इतका लहान की त्याच्याकडं सरळ बघता येत होतं.

"मामा, मी पुण्याला चाललेय. एक तारखेपासून. कंपनीनं तिकडं बोलावलंय. दिगूदादा बुधवारी गाडी घेऊन येतोय."

चित्र अडकलं.

त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. डोळे माझ्याकडं नाही, माझ्या जरा खाली. हालचाल नाही. आवाज नाही.

"मामा?"

मला वाटलं, गेलं. कुठल्या तरी क्लिपेखाली वायर दाबली गेली असणार. माझं वाक्य त्या चौदा इंची भिंतीत कुठं तरी अडकलं असणार, आणि आता ते पहिल्यापासून पुन्हा म्हणावं लागणार. माझ्यात तेवढा दम नव्हता. मी फोनच्या वरच्या कोपऱ्यात बघितलं. चार कांड्या. पूर्ण.

मग मला दिसलं की त्यांच्या मागच्या भिंतीवर कॅलेंडरचं पान पंख्याच्या वाऱ्यानं उचललं जातंय. खाली बसलं. परत उचललं गेलं.

मी वाट बघितली.

"निरोप मिळाला," शेवटी मामा म्हणाले. हा त्यांचा आवाज मी आधी ऐकला नव्हता. सपाट, सावकाश, एकेक शब्द सुटा. एकतीस वर्षं ह्याच आवाजात ते बोलत असणार. "परत म्हणतो. ऐक."

धरणावर नियमच होता तसा. निरोप आला की ऐकणाऱ्यानं तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. पाठवणाऱ्यानं 'बरोबर' म्हटलं, की मगच तो वहीत चढायचा. त्यांच्या हातून एकही निरोप कधी चुकला नाही, हे सासूबाई जिवंत होत्या तोवर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

मामांनी उशाजवळची औषधाची कागदी पिशवी ओढली, सपाट केली. पेन शोधलं.

"वैजयंता निकम," ते म्हणाले. "एक तारखेपासून पुण्याला. कंपनीच्या कामासाठी. भाऊ बुधवारी गाडी घेऊन येणार."

थांबले.

"दर शनिवारी कराडला येणार."

हे मी म्हटलं नव्हतं.

पेन पिशवीवर टेकलेलं होतं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं.

पहिले सहा शनिवार मी गेले.